आडनाव न विचारल्याचा दंड

तीर्थरूप थोरल्या काकांना, सेगूहून त्येमोकोचा गुडघे टेकून सलाम.

घरचं कसं आहे? काकूचं, पोरांचं, शेळ्यांचं, उभ्या बाजरीचं? तुमच्या गुडघ्याचं? (रागाचं विचारत नाही, तो आपल्या दियारा घराण्यात सगळ्यांचाच ठणठणीत असतो.) इथे मी सुखरूप आहे, म्हणजे काल दुपारपर्यंत होतो.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते प्राध्यापकांशी भांडून, हे तुम्हाला माहीतच आहे. पण सेगूच्या शाळेत मास्तर झालो ते केवळ पोरांना आपल्या इतिहासाची गोडी लागावी म्हणून. शेजारच्या वर्गात सितान त्राओरे नावाच्या बाई गणित शिकवतात, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. (त्यांना निळा रंग शोभतो, हे शाळेचा शिपाईही सांगेल.) तर काल सातवीला सुंजाता राजाचा धडा होता. पुस्तकात नुसत्या सनावळ्या आणि लढाया. पोरं जांभया देऊ लागली. मी पुस्तक मिटलं आणि आपले भाट सांगतात तसं सांगू लागलो, की लढाई जिंकल्यावर राजाने सगळी कुळं कुरुकान फुगाच्या माळावर बसवली आणि कुठल्या कुळाने कुणाची टिंगल करायची तेही ठरवून दिलं. त्राओरेने दियाराला भर बाजारात ‘चवळीखाऊ’ म्हणावं, दियाराने हसून त्याची सव्याज परतफेड करावी. एकमेकांना इतकं चिडवून झाल्यावर भाले उचलायला त्राण कुणाला उरतंय? शेवटी मी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत आमच्या वर्गाचा कायदा लिहिला : जो चिडेल, त्याला दहा कोलाफळांचा दंड.

एवढ्यात धुळीने माखलेल्या झग्यातले एक म्हातारबाबा मागच्या बाकावर येऊन बसले. धडा रंगात आला होता, म्हणून मी त्यांना ना सलाम केला, ना आडनाव विचारलं. (होय काका, आडनाव विचारलं नाही! आपल्याकडे माणूस विहिरीत पडला तरी वरचा आधी कूळ विचारतो आणि मग दोर सोडतो.) बाबांनी मात्र माझं विचारलं, आणि ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, “दियारा? अरेरे! आमच्या परसातली चवळी चोरणाऱ्यांच्या हाती खडू कुणी दिला?”

पोरं खिदळली आणि माझं टाळकं सरकलं. मी डस्टर आपटलं, त्यांचं वय काढलं, अक्कल काढली आणि दाराकडे बोट दाखवून “चालते व्हा!” म्हणून ओरडलो. बाबा हलले नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसत हसत म्हणाले, “चिडला रे चिडला!” पहिल्या बाकावरची न्येले, जिला आजवर एकही सन पाठ झालेला नाही, तिने शांतपणे फळा दाखवला. “सर, दहा.”

आणि दारातून आवाज आला, “झालं का बाबा, मास्तरांना बघून?”

दारात सितान उभी होती. निळ्यातच.

बाबा उठले, झगा झटकला. म्हणाले, “दंड मी चवळीखाऊ पोराच्या हातून घेत नसतो. घरातलं मोठं माणूस पाठव.” तेव्हा काका, येत्या शुक्रवारी नमाज झाली की तुम्ही त्राओरेंच्या घरी दंड पोचवावा, एवढीच विनंती.

तुमचा,
त्येमोको

ता. क. : मुलगी मागायलाही दहाच कोलाफळं न्यायची असतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! तिथे बसलाच आहात, तर तोही विषय काढावा. म्हणजे वीस आणा.

आणखी ता. क. : सितानला हे पत्र दाखवलं. ती म्हणते, बाबांना मास्तर पसंत आहे, पण त्याच्या घरचे कसे आहेत हे तपासायचंय. ते तुम्हाला दुपारभर चवळीखाऊ म्हणतील आणि जेवायला चवळीच वाढतील. तुम्ही हसायचं, आणि दोनदा मागून घ्यायची.

शेवटचं : तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तीसच आणा.