कडब्याचा भारा

रविवार, मार्च १९५६. पिंपरी

सायकल हाणत चाकणपर्यंत गेलो आणि ती चिंच एकदाची पाहिली. सासरी निघालेली नायिका जिला मिठी मारून रडते, तीच. सिनेमा कितीदा पाहिला ते इथेसुद्धा लिहीत नाही. मीही मिठी मारली. अंगभर मुंगळे चढले. सिनेमात मुंगळे नव्हते.

मी नाचत मुंगळे झटकत होतो, तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे बाबा आले.

"शिनेमा बघून आला व्हय? त्यात मी बी हाय. बाई रडत्यात तवा मागनं जातो. आमी अजून बघितला न्हाई. दिसतो का वो मी?"

आता काय सांगणार? त्या वेळी तिच्या डोळ्यांखेरीज काही पाहिले असेल तर शपथ. पण माणूस इतक्या आशेने विचारतो!

"दिसता की बाबा. चेहरा तर फार छान आलाय."

बाबा म्हणाले, "डोईवर कडब्याचा भारा व्हता. निस्ते पाय उघडे. चेहरा कुठनं आला, राव?"

मेलो. तरी बिचाऱ्यांनी माझ्याच रुमालात कांदे बांधून दिले. "भारा तरी दिसतो का, नीट बघा आन् सांगाया या."

कशाला खोटे बोललो? आणि भारा मुळात आहे का त्यात? आठवतच नाही. पुढच्या रविवारी पुण्याला जाऊन पुन्हा बघायचा. ती रडू लागली की तिच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. फक्त भारा.

रुमालाला कांद्याचा वास लागला होता. आताच धुऊन वाळत घातला. रविवारी थेटरात लागेलच.