चाक नीट बसवलंस ना

१९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर केला, रागावू नकोस. लॅबमध्ये कवळ्यांची कामं साचली होती आणि आमच्या साहेबांना प्रत्येक कवळी कालच हवी असते. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू चढत असणार. खारूने पत्राच्या तळाशी माझं चित्र काढलंय, त्यात माझ्या नाकापेक्षा चष्मा मोठा आहे. तिला सांग, आत्याने ते चित्र कामाच्या टेबलावर लावलंय.

आता तू सांगितलेलं काम. दादा गेल्यापासून आपण कुणी सायकलचं नावही काढत नव्हतो. म्हणून "खारूला डोंगरात चालवायची सायकल हवी आहे, दोन वर्षं नाही म्हटलं, आता किती अडवू? महाग नको, पण धड असावी, तू बघून दे," हे वाचून मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस काढलंच नाही. मलाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी गेले.

तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोन ठिकाणी पुढेमागे स्प्रिंगा असलेल्या, झगमगीत रंगांच्या सायकली पुढे केल्या. तिसरा दुकानदार साठीचा, बोलायला सावकाश. तो म्हणाला, "कमी पैशात दोन्हीकडे शॉकअप मागू नका. नुसतं वजन वाढतं. पुढचं एक पुरे. राहिलेले पैसे ब्रेकमध्ये घाला." ब्रेक डिस्कचे हवेत. पुढे दातेरी चकती एकच असली की नवशिक्याचा गिअरचा गोंधळ होत नाही. टायर रुंद आणि खाचांचे. खारूची उंची विचारली, ती मला सांगता येईना. तेव्हा म्हणाला, "मग तिलाच आणा. दांडा दोन पायांत घेऊन उभी राहिली की वर दोन बोटं जागा उरायला हवी. ते मी तुमच्याकडे बघून कसं सांगू?"

मला हसू आलं. मग त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. ती नंतर लिहिते.

दादाची सायकल अजून माझ्या गॅलरीत आहे. तुला ती बघवत नव्हती म्हणून पोलिसांकडून मीच सोडवून आणली होती, आठवतं? भिंतीवर टांगून ठेवलीय. पुढचं चाक वेगळं, खाली टेकवून. दुपारी मी जेवायला घरी येते तेव्हा वारा असला तर मागचं चाक आपलं आपण फिरत असतं. टिक टिक टिक. कुलपात किल्ली घालताना तो आवाज आला की क्षणभर वाटतं, दादा जिन्यातून सायकल ढकलत वर येतोय. दोन वर्षांत मी त्या चाकाला दोरी बांधली नाही. का नाही बांधली, मला सांगता येणार नाही.

दुकानदाराने काय दाखवलं ते लिहिते.

स्वस्तातल्या सायकलींना पुढचं चाक काढायला एक छोटी दांडी असते. त्याने एका सायकलची दांडी उघडली, चाक काढलं, परत घातलं आणि मला म्हणाला, "आता तुम्ही बंद करा." मी ती नळ बंद करतात तशी गरागरा फिरवत नेली. घट्ट होईपर्यंत. माझ्या हाताला जोर आहे, साच्यांचे स्क्रू आवळून आवळून आलेला. त्याने माझा हात धरून बाजूला केला. "बाई, अशी नाही. ही फिरवायची नसते, उलटून दाबायची असते. तळहातावर वळ उठला पाहिजे. फिरवून ठेवलेली घट्ट वाटते, पण खडबडीत रस्त्यावर सैल होत जाते, आणि उतारावर जोरात ब्रेक दाबला की चाक निसटतं."

मी विचारलं, "नेहमी?"

"नेहमी नाही. पण एकदा पुरतं."

त्याने मला पाणी दिलं. मी तिथल्या स्टुलावर किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.

वहिनी, त्या सकाळी दादाची सायकल पंक्चर काढून मीच आणली होती. माझ्या गाडीत मावेना म्हणून तिथल्या माणसाने पुढचं चाक काढून दिलं. त्यालाही अशीच दांडी होती. तुमच्या दारात मी ते परत बसवलं. दादा खाली आला तेव्हा मी हात पुसत होते. तो घाईत होता, चेहरा ओढलेला. त्याने विचारलं, "धाकटे, चाक नीट बसवलंस ना?" मी म्हटलं, "हलवून बघ, माझी पकड आहे." त्याने बघितलं नाही. हेल्मेटचा पट्टा लावला आणि गेला.

पोलिसांनी डोंगराच्या उतारावर दगडाला आपटून चाक निखळलं असं लिहिलं. मी ते खरं धरलं. खरं सांगायचं तर धरून बसले, कारण ते वेगळं पडलेलं चाक बघितलं त्या दिवशीच मनात शंका आली होती. लॅबमध्ये साचा आवळला की मागून दादाचा आवाज येतो, नीट बसवलंस ना. मी वळून बघते. साहेबांनाही आता सवय झालीय.

दगड होता की नव्हता हे कुणीच सांगू शकणार नाही. पण मी दांडी फिरवली होती, दाबली नव्हती. माझ्या तळहातावर वळ नव्हता. हात पुसताना मी तळहात पाहिला होता.

खारूच्या सायकलसाठी थोडे जास्त पैसे घातले तर चाकातून आरपार जाणारा जाड दांडा मिळतो. त्याला आटे असतात, सहसा निसटत नाही. दुकानदार भला आहे, पत्ता सोबत लिहिलाय. तू आणि ती जा. माझ्याकडून निवडून घेऊ नका.

तुझ्यापुढे यायला तोंड नसलेली,
धाकटी


४ डिसेंबर

धाकटे,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीतच घालणार होते. तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

पण तू लिहिलंस तर मीही लिहिते. तो घाईत का होता, चेहरा का ओढलेला होता, हे तू मला कधी विचारलं नाहीस. आमचं भांडण झालं होतं. अगदी फालतू, रविवारी घरी थांबत नाही यावरून. मी म्हणाले होते, "जा, आणि सावकाश ये, आम्हाला काही घाई नाही." हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. दोन वर्षं मी हेच धरून आहे की तो रागात होता, म्हणून उतारावर सुसाट गेला, म्हणून गेला. खारूला सायकल नाही म्हणत होते ते डोंगराच्या भीतीने नाही. सायकल आली आणि तिने कधी विचारलं असतं, बाबा त्या दिवशी कसे निघाले, तर मी काय सांगणार होते?

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. माझ्यामुळे नाही, असं वाटलं. मग त्याची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. तुझ्या मानेवर ते ओझं देऊन मी हलकी होणार होते.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. ते अजून झालेलं नाही, आणि खोटं लिहून काय करू? पण तू एकटीने हे वाहायचं नाही, आणि मीही नाही. काल रात्रीचं जेवण झाल्यावर खारूला दोन्ही सांगितलं. माझं भांडण आणि तुझं चाक. तिने उठून सगळी ताटं धुतली. मग म्हणाली, "बाबांनी स्वतः का नाही बघितलं?" मी म्हटलं, "तुझ्या आत्यावर त्यांचा विश्वास होता." त्यावर ती रडली, आणि मीही.

आज सकाळी ती म्हणाली, सायकल घ्यायला आत्या हवी.

दुकानदाराला रविवारी दहाला येतो असं कळवलंय. तू साडेनऊला आमच्याकडे ये. खारू उंची मोजून बसली आहे. माझ्याशी बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस, मलाही जमेल की नाही माहीत नाही. पण ये.

अजून तुझीच,
वहिनी