दस्तीखालचं मैदान

अण्णा,

मैदानाची मोजणी उद्या सकाळी होणार आहे. मोजणी कार्यालयातल्या कारकुनानं दुपारी फोनवर तसं सांगितलं, आणि नोटीस शाळेत पोचल्याचं मुख्याध्यापिकाबाईंनी संध्याकाळी कळवलं. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मी ओळ लिहीत नाही, ही सवय तुम्ही गेल्यानंतर लागली. खात्री झाली तेव्हा मी परभणीला आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पानं लावत बसले होते. वेळेत पानं सोडली, सगळ्यांना घरी जा म्हटलं, आणि आता तुम्हाला लिहायला बसले आहे. काय लिहायचं ते ठरलेलं नाही. विचारायचं मात्र एकच आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणालाच विचारता येत नाही.

मैदान म्हणजे मानवतच्या रस्त्याला जिनिंगच्या मागचं, मुलींच्या कबड्डीचं. कडेला वसतिगृहाच्या खोल्या आहेत. शाळा तुमच्या जागेवर उभी आहे, तिला धक्का नाही. पण मैदान आणि वसतिगृह तुमच्या झरीच्या दोस्ताच्या, काकांच्या जमिनीवर आहे. काकांना ती आजोळाकडून आलेली, आणि सातबाऱ्यावर आजही त्यांच्याच घराचं नाव आहे. तुमच्यामागोमाग काकाही गेले. आता रस्ता रुंद झालाय, आजूबाजूला प्लॉट पडलेत, आणि काकांच्या मुलानं जमीन विकायला काढली आहे. वसतिगृह गेलं की लांबच्या गावांतल्या मुली घरी जातील. घरी गेलेली मुलगी दिवाळीनंतर शाळेत परत येत नाही, हे तुम्हीच सांगायचात.

मागच्या महिन्यात मी वकिलांकडे गेले. त्यांनी विचारलं, "जमिनीचा दस्त आहे का?" मी म्हटलं, "दस्त नाही, दस्ती आहे." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. हसून त्यांनी चहा मागवला. ते पश्चिम महाराष्ट्रातले, त्यांच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणत नाहीत. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. माझे वडील आधी बैलांचे दलाल होते. बाजारात घेणारा आणि विकणारा यांचे हात दस्तीखाली झाकायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबून नाकारायचा. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. पुढं जिनिंग टाकलं, शाळा काढली, कबड्डीचा संघ उभा केला, पण मोठा सौदा करताना खिशातली दस्ती निघायचीच. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "म्हणजे एवढ्या जमिनीचा व्यवहार दोन माणसांच्या बोटांत झाला, आणि दोन्ही माणसं आज नाहीत?" मी म्हटलं, हो.

मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं, भाव झाकायचा कशाला. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला होता, आई भाकरी थापत होती. तुम्ही म्हणालात, "भाव न्हाई झाकत गं. माणसाची लाज झाकतो. अडलेला माणूस चार पैसे कमी घेतो, ते गावानं कामून बघावं?" आई मागं न बघता म्हणाली, "आणि दलाल दोन्हीकडून खातो, ते बी झाकलं जातंय." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. अण्णा, त्या दिवशी देवगाव फाट्यावर काकांच्या हातावर दस्ती टाकून तुम्ही कुणाची लाज झाकत होतात? काकांची, का तुमची स्वतःची?

शाळेची सुरुवात सगळ्यांना तुम्ही एकाच पद्धतीनं सांगायचात, की देवानं बुद्धी दिली. मला खरी गोष्ट माहीत आहे, कारण मी तुमच्या मागं उभी होते. जिनिंगमध्ये कापसातली घाण वेचायला येणाऱ्या बायका लेकी सोबत आणायच्या. मुली गंजीच्या मागं खेळायच्या, आणि आगीच्या भीतीनं तुम्ही त्यांना दोनदा हाकललं होतं. एका दुपारी मागं सगळं शांत होतं, म्हणून तुम्ही बघायला गेलात. तिथं कबड्डी चालली होती. चढाई करणारी मुलगी ओठ हलवत होती, पण आवाज काढत नव्हती. मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून मुक्यानं कबड्डी! पकडलेल्या पोरी मुक्यानंच भांडत होत्या, बोटं नाचवत, डोळे वटारत. तुम्ही गाठीच्या आडून किती वेळ बघत राहिलात. मग पुढं होऊन त्या चढाईवालीला विचारलंत, "शाळंत कामून जात न्हाईस?" ती म्हणाली, "सातवी झाली की. पुढं इथं शाळाच न्हाई." तुम्ही म्हणालात, "आवाज काढून खेळा. पर तिकडं, गंजीपासून लांब." पुढच्या जूनमध्ये सरकीच्या गोदामात आठवीचा वर्ग भरला. ती चढाईवाली बुद्धविहाराच्या गल्लीतली. तीच आज तिथं मुख्याध्यापिका आहे.

संघ त्यानंतरचा. लोक म्हणाले, बैलाच्या दलालाला आता पोरींचा बाजार सुचला. तुम्ही ते ऐकलंत, मला माहीत आहे, कारण त्या आठवड्यात तुम्ही चौकातून गेला नाहीत, मागच्या गल्लीनं गेलात. पण निवडीच्या दिवशी ओट्यावर बसून तुम्ही मुलींच्या पायांच्या ठेवणीबद्दल बोलायला लागलात, तशी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरी हायत त्या, खोंडं न्हाईत. जरा तोंडाकडं बघून बोला." त्यानंतर तुम्ही निवड क्रीडाशिक्षकांवर सोडलीत. स्पर्धेत ध्वनिक्षेपकावर "संघमालक" म्हणून पुकारायचे तेव्हा तुम्ही मागं वळून बघायचात, कुणाला बोलावतायत म्हणून. "मालक बैलाला असतो," म्हणायचात, "पोरीला कसला मालक?" मी कामाला लागल्यावर संघाच्या विजयाची पहिली बातमी लिहिली. तुम्हाला अक्षर लावायला वेळ लागायचा. बोट ठेवून सगळी वाचलीत, आणि मला वाटलं आता शाबासकी मिळणार. तुम्ही विचारलंत, "समोरच्या पोरींची नावं कुठं हायत? त्या काय भिताडाशी खेळल्या?" आजही निकालाची बातमी आली की मी हरलेल्यांची नावं आधी तपासते.

आता देवगाव फाटा. गेला महिनाभर मी तिथंच राहते आहे म्हटलं तरी चालेल. जिंतूरकडून सामना जिंकून आपण परत येतो आहोत. टेम्पोत मुली गाणी म्हणतायत, मी त्यांच्यात दाटीवाटीनं बसले आहे. फाट्यावर टेम्पो थांबतो. मुली भज्यांवर तुटून पडतात. तुम्ही आणि काका हॉटेलबाहेरच्या बाकड्यावर बसता, मी शेजारी उभी आहे, हातात चहाची बशी. तुम्ही खिशातून दस्ती काढता आणि काकांच्या हातावर टाकता. काका म्हणतात, "आरं, इथं कुठला बैल हाय?" तुम्ही म्हणता, "गप. तुझी मानवत रस्त्याची जमीन." काकांचं हसू जातं. दस्ती हलायला लागते. काका मान हलवतात, नाही. पुन्हा हलते. काका तुमच्याकडं बघतात, मग मुलींकडं बघतात. एक मुलगी दुसरीच्या तोंडात भजं कोंबतेय, काका तिकडं बराच वेळ बघत राहतात. मग दस्ती एकदम थांबते. "झालं!" काका म्हणतात, आणि उठून सगळ्यांच्या भज्याचे पैसे देतात. तुम्ही दस्तीनं डोळे पुसता. मला तेव्हा वाटलं घाम पुसताय. पुढच्या आठवड्यात मैदान आखायला माणसं लागली.

काय झालं? अण्णा, "झालं" म्हणजे काय झालं? काका 'दिली' म्हणाले, की 'मुली खेळतायत तोवर वापर' म्हणाले? तुमच्या हयातीत द्यायची आणि नंतर परत, असं काही होतं का? त्या बोटांत "कायमची" हा शब्द कसा सांगतात? बैलबाजारात त्याची गरजच पडत नाही, बैल काही कायमचा नसतो. तुम्ही हयातभर सौदे केलेत, आणि या एका सौद्यात काय बोलायचं होतं ते बोलायला बोटं पुरली का, असा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही? मी रागावले आहे तुमच्यावर. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. मुख्याध्यापिकाबाई त्या दिवशी टेम्पोत होत्या, त्यांनाही मी विचारलं. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मला कसं ठाऊक असंल अक्का? मी तर भजे खायलते." मग दोघी हसलो, आणि हसताहसता त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की मला कळलं, या बाईला आता दुसरीकडं कुठं जायचं नाही.

तीन दिवसांपूर्वी काकांचा मुलगा कचेरीत आला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला, लहानपणी पाटी घेऊन बसायचा तसा. मी भांडायच्या तयारीत होते. त्यानं भांडण काढलंच नाही. म्हणाला, "अक्का, मला कोर्ट नको. मला बी लेक हाय, तिला बाहेर शिकायला धाडायचंय, म्हणून जमीन काढली. पर बापाचा शब्द मोडून न्हाई शिकवायचं मला तिला. तू तिथं व्हतीस. माझ्या बापानं जमीन दिली व्हती, का नुसती वापरायला?"

मी म्हटलं, "आणि मी काय सांगेन ते तू ऐकणार?"

"ऐकणार. तू 'दिली' म्हण, मोजणीवाल्यायला चहा पाजून माघारी धाडतो. तिथंच, सगळ्यांसमोर."

"एवढा विश्वास कसा रे तुझा?"

"आमच्या घरी तुझ्या बातम्या मोठ्यानं वाचून घ्यायचा माझा बाप. म्हणायचा, ही पोरगी बघितलं तेवढंच लिहिती."

मी पाणी प्यायले. त्याला म्हटलं, मैदानावर सांगते. तो गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, "लय विचार करू नको, जे हाय ते सांग." इतकं सरळ बोलतात का माणसं, अण्णा? तो जरा लबाड असता तर माझं किती सोपं झालं असतं.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही. मोजणी कशीही झाली तरी ते माझ्या पिशवीतच राहील. निवडणुकीच्या निकालाला आम्ही दोन्ही बातम्या आधीच तयार ठेवतो, हा जिंकला तर ही, तो जिंकला तर ती. आज तशीच दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत. एक असं, की काकांनी जमीन शाळेला कायमची दिली, मी समोर होते. दुसरं असं, की मी समोर होते, पण मला दस्तीशिवाय काही दिसलं नाही. उद्या सकाळी मोजणीवाले त्यांचं यंत्र घेऊन येतील. काहीही झालं तरी सराव थांबणार नाही असं बाईंनी सांगितलंय, त्यामुळे मुली मैदानात असतील, आणि आता त्या चांगल्या मोठ्यानं ओरडतात. काकांचा मुलगा गाडी लावून माझ्याकडं येईल आणि सगळ्यांसमोर विचारेल. मी काय म्हणेन, ते मला अजून माहीत नाही. दुसरं वाक्य लिहिताना मी चारदा अडखळले, शब्द बदलले, खोडले, पुन्हा घातले. पहिलं एका दमात लिहून झालं, आणि त्यात एकही शब्द खोडावा लागला नाही, एवढं तुमच्याजवळ कबूल करते.