बाबांचा जाड आवाज

१२ सप्टेंबर १९८०, शुक्रवार

ठरलं! नवं टर्नटेबल घ्यायचं. म्हणजे तेत्सुरोनं ठरवलं, मी नवऱ्यापुढे मान डोलावली.

घरात दोन आहेत. एक त्याचं, मोठ्या रेकॉर्डचं — त्याची मोटर गेली. दुसरं रोकुमामानं दिलेलं, जुनं, लोखंडासारखं जड. ते वर्षातून एकदाच लागतं, ९ ऑक्टोबरला, बाबांच्या पुण्यतिथीला. बाबांच्या तबकडीला मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा वेग लागतो आणि तो फक्त त्याच्यात आहे. पण घरघर फार, आणि सुई दरवर्षी थोडी काळी पूड काढते. ती पूड मी बोटानं टिपते आणि काळजात चर्र होतं.

तेत्सुरो म्हणाला, "हा नांगर अजून दोनदा फिरला तर तबकडीवर भात लावता येईल. एकच चांगलं घेऊ, दोन्ही वेगांचं. आणि त्यावर एकदाच, नीट, बाबांचा आवाज टेपवर उतरवून ठेवू."

एकदाच. म्हणून यंत्र नीट निवडायला हवं. नऊ तारखेच्या आत.

१४ सप्टेंबर

स्टेशनजवळच्या ओरिहारासानच्या दुकानात तीन तास. पट्ट्यावर फिरणारं एक, थेट मोटरवर फिरणारं एक. ओरिहारासान म्हणतात, पट्ट्याचा आवाज उबदार. तेत्सुरो म्हणतो, मोटरचा स्वच्छ. मग दोघं माझ्याकडे बघतात!

"वहिनी, ऐकलंत? व्हायोलिनमागची हवा?"

मला दोन्हींत व्हायोलिनच ऐकू आलं. हवा कुठे असते? मी म्हटलं, "दुसऱ्यात जरा जास्त वाटते." ओरिहारासान खूश झाले. तेत्सुरोचं तोंड पडलं. म्हणजे मी पट्ट्याच्या बाजूनं बोलले होते. मला वाटलं होतं ते मोटरवालं.

१५ सप्टेंबर

तेत्सुरो पुन्हा जायचं म्हणतो. मी नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

ओरिहारासाननी दोन्ही यंत्रं आठवडाभर घरी आणून दिली. "घरच्या भिंतींना विचारा," म्हणाले. जुन्या तबकडीसाठी जाड सुई वेगळी दिली. माझी आई वाळवायचे बांगडे उभे चिरत होती, हातातली सुरी न थांबवता म्हणाली, "दोन सुना आणल्यात वाटतं. कुठली ठेवणार?"

"तुम्हीच सांगा, आई," तेत्सुरो म्हणाला.

"मला काय कळतंय! जी कमी बोलेल ती."

२२ सप्टेंबर

आज बाबांची तबकडी बाहेर काढली. नऊ तारखेआधी कधी काढत नाही. पण कुठल्या यंत्रावर उतरवायची ते त्याच तबकडीनं ठरवायला हवं ना.

काय आहे तिच्यावर? दीड मिनिट. १९४३, शिमिझूमधलं रेकॉर्ड करून देणारं दुकान, दुसऱ्या दिवशी बाबांची पलटण निघणार. मी पाच वर्षांची. मला त्यांचा चेहरा फोटोतला आठवतो, आवाज अजिबात नाही. तबकडी आजोळच्या तांदळाच्या पेटीत राहिली. आम्ही शिमिझू सोडून इथे नुमाझूला आलो त्या साली, बासष्टमध्ये सापडली, आणि मामानं निरोपाची भेट म्हणून आपलं यंत्र दिलं. इथे आल्यावर त्यावर मी पहिल्यांदा बाबांना ऐकलं. चोवीस वर्षांची होते.

खोल, सावकाश आवाज. विहिरीतून आल्यासारखा. "याए, आईचं ऐक. उंच हो. ...तबकडीवर अजून जागा आहे म्हणतात. काय बोलू? काय बोलू?" मग एक जड उसासा, आणि संपलं.

अठरा वर्षं हाच माणूस माझा बाप आहे. काही अडलं की मी त्याला विचारते. लेकीला, मिनोरीला, कॉलेजसाठी तोक्योला पाठवायचं की नाही, हे त्यालाच विचारलं होतं. तो घाई करत नाही.

तर — पट्ट्यावर लावली.

कुणीतरी परका बोलला!

पातळ, घाईचा, पोरसवदा आवाज. मी झटकन सुई उचलली. मोटरवाल्यावर लावली — तोच परका. म्हणजे दोन्ही यंत्रं बिघडलेली? की मी तबकडी बिघडवली? दोनदा घासली गेली ती आज, फुकट!

मग जुन्यावर लावली. बाबा. तिथेच होते. घरघरीमागे, सावकाश. तिसऱ्यांदा घासली, पण इलाज नव्हता.

आई नेहमीप्रमाणे अंगणात वाळत घातलेले मासे बघायला निघून गेली होती. तिला ऐकवत नाही ते.

२३ सप्टेंबर

तेत्सुरोला सांगितलं. तो म्हणाला, "दोन्ही यंत्रं एकसारखी चुकतील कशी?" मी म्हटलं, दोन्ही एकाच दुकानातली आहेत. तो हसला. मला राग आला. रात्रीचा भात करपला, त्याबद्दल मात्र कुणी हसलं नाही.

२६ सप्टेंबर

ओरिहारासानना फोन केला. म्हटलं, तुमची यंत्रं वेगात चालतात. ते दुखावले. "वहिनी, तीस वर्षं झाली धंद्याला. वेग चुकलेलं यंत्र माझ्या दारातून बाहेर पडत नाही. रविवारी येतो."

त्यांना दुखवायचं नव्हतं. पण बाबांना असं पोरकट करून टेपवर ठेवायचं? मग मिनोरीची मुलं उद्या तेच ऐकतील आणि तोच खरा मानतील.

२८ सप्टेंबर, रविवार

ओरिहारासान आले. खिशातून कागदाची गोल चकती काढली, तिच्यावर बारीक रेघांची वर्तुळं. फिरत्या यंत्रावर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायची; वेग बरोबर असला तर रेघा थांबल्यासारख्या दिसतात. पट्टा — थांबल्या. मोटर — थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सभ्य माणूस.

मग म्हणाले, "आता ते म्हातारं बघू."

जुन्यावर रेघा मागे मागे पळत होत्या. मुंग्यांची रांग उलटी निघाल्यासारख्या.

त्यांनी तबकडीखालची थाळी उचलली, आत मोटरच्या दांड्यावरची पितळेची छोटी पुली चष्मा वर करून वाचली. "साठ," म्हणाले. "कुठून आलं हे?"

"शिमिझूहून. मामाचं."

"नदीपलीकडचं!" त्यांनी मांडीवर थाप मारली.

फुजी नदीच्या पलीकडे विजेची सेकंदाला साठ आवर्तनं, अलीकडे पन्नास; मोटरचा वेग त्यावरच ठरतो. इथल्या पोरालाही माहीत असतं. नदी ओलांडून घर हलवलं की यंत्रांच्या पुल्या बदलायच्या. आम्हीही बदलल्या होत्या! कपडे धुण्याच्या यंत्राची बदलली, कारण ते गोगलगायीसारखं चालायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून विकलं. पण वर्षातून एकदा, एकच तबकडी वाजवणाऱ्या यंत्राचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? दुसरी तबकडी लावलीच नाही कधी, मग चुकतंय हे कळणार कसं.

म्हणजे अठरा वर्षं बाबा सावकाश बोलत होते, कारण वीज वेगळी होती.

"म्हणजे तो परका..." मी म्हटलं.

"तेच तुमचे वडील, वहिनी," ओरिहारासान हळूच म्हणाले. "नवीन पुली देतो मी. फुकट."

मी चहा करायला आत गेले आणि चहा केलाच नाही.

२९ सप्टेंबर

नको मला तो.

१ ऑक्टोबर

पण ऐकायला तर हवंच. पट्टेवाल्यावर लावली, शेवटपर्यंत. टेप चालू ठेवला. तीस वर्षांचा मुलगा. माझ्याहून बारा वर्षांनी लहान! घाबरलेला. "काय बोलू? काय बोलू?" हे जड नाहीच, चक्क गडबडला आहे. आणि शेवटचा तो उसासा — ते हसू आहे. त्याला हसू फुटलं होतं.

मागे वळले तर आई दारात. हातात माशाची सुरी तशीच, खवलं लागलेली. अंगणात गेली नव्हती.

"पुन्हा लाव," म्हणाली.

"आई, घासते गं ती..."

"लाव म्हणते ना!"

लावली. ती खाली बसली. सुरी जमिनीवर ठेवली. शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "हाच. हाच तो."

"आणि आधीचा?"

"कुणास ठाऊक कोण. पहिल्यांदा लावलीस ना, मला ओळखूच आला नाही. वाटलं, एवढं कसं विसरले मी? सहा वर्षं संसार केला त्याच्याबरोबर, आणि आवाज नाही आठवत? मग वाटलं दुकानदारानं दुसऱ्याचीच तबकडी दिली असेल. पण तू रडत होतीस, बाबा बाबा करत होतीस. तुला काय सांगू? म्हणून उठून जायची."

अठरा वर्षं! मी समजत होते तिला दुःख आवरत नाही. ती तर दरवर्षी अंगणात स्वतःला तपासत उभी राहायची.

मी तिचा हात धरला. माशाचा वास. ती म्हणाली, "सोड, बांगडे वाळतील जास्त."

४ ऑक्टोबर

मोटरवालं परत केलं, पट्टेवालं ठेवलं. कारण विचारलं तर सांगता येणार नाही. आईचा माणूस त्यावर पहिल्यांदा पुरा बोलला, एवढंच. तेत्सुरो म्हणतो, "शेवटी हवा ऐकू आली म्हणायची!" त्याला चापट मारली.

आई रोज टेप लावायला सांगते. हसते मधूनच. "गाढव," म्हणते टेपला. तिला नवरा सापडला ते चांगलंच आहे, मनापासून. पण माझं काय हरवलं ते कुणाला सांगू? ज्याला मी सगळं विचारत होते तो कधी नव्हताच. एक चुकीची पितळी पुली होती. पुलीचं श्राद्ध घालतं का कुणी?

ओरिहारासान येत्या आठवड्यात जुन्याची पुली बदलायला येतील. मग तोही आवाज संपला.

७ ऑक्टोबर

ऊन छान. काही लिहावंसं वाटत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उदबत्ती लावली. आई म्हणाली, "ओरिहाराला फोन कर. जुन्याची पुली बदलू नको म्हणावं. आज तुझा तोही लाव."

"तो तर खोटा आहे ना, आई?"

ती देव्हाऱ्यातला फोटो पुसत होती. म्हणाली, "खोटा कशाला? सदुसष्टचा झाला असता आता. आवाज तेवढा जाड झालाच असता की."