खडूच्या वाकड्या रेघा

कांचन,

मी पुढे मैदानावर जातोय. ऑटोक्रॉसच्या शर्यतीचे लाल शंकू मांडायला माणसं कमी आहेत. चहा थर्मासमध्ये आहे, पिऊनच नीघ.

गेल्या रविवारी वळणावर गाडी फिरली ती तुझ्या चुकीने, हे आधी डोक्यातून काढ. तेव्हा मी टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारल्या होत्या. घरी आल्यावर बघितलं, तर टायर फक्त मधोमध घासलेला आणि कडेच्या रेघा जशाच्या तशा. म्हणजे हवा जास्त. आपल्या टाउनशिपमध्ये सगळे ॲव्हरेजसाठी हवा ठासून भरतात. विनायकनेही तेच केलं, आणि वर चारचौघांत तुलाच हसला. तू त्याच्याशी बोलत नाहीस ते बरोबरच आहे. तो माझा मुलगा असला तरी तुम्हा नवरा-बायकोच्या मध्ये मी पडणार नाही.

आज चारही टायरमधली हवा कमी केली आहे. टायर थंड असताना मोजली आहे, तेव्हा वाटेत सोनागिरीच्या पेट्रोल पंपावर कोणाला हात लावू देऊ नकोस. पहिली फेरी झाली की बघ. खडू कडेपर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर. कडेच्याही खाली पुसला गेला तर थोडी भरू. फूटपंप डिकीत आहे.

टायरवरच्या आजच्या रेघा वाकड्यातिकड्या दिसतील. माझ्यासारख्या, जन्मभर कारखान्यात मार्किंगच्या रेघा ओढलेल्या माणसाच्या त्या नाहीत. पहाटे मी उठून बाहेर आलो तेव्हा विनायक गाडीपाशी बसला होता, बोटं पांढरी झालेली. तुला सांगू नका म्हणाला, म्हणून लिहून ठेवतोय.

बाबा