परत दिलेल्या गाडीचा विमा

खराडी, पुणे
रविवार

ती. आईस,
दिगंबरचा वाकून नमस्कार.

फोन केला की दाजीच उचलतात, म्हणून पत्र लिहितोय. माझी तब्येत उत्तम आहे. नोकरीही आहे, फक्त ऑफिसने गाडीचा भत्ता बंद केला. म्हणून लीजवरची गाडी परत केली. बसने बरं पडतं, काळजी करू नकोस.

गाडी दाजींनीच मिळवून दिली होती, म्हणून परतही त्यांच्याच हाती दिली. "मी लीजवाल्यांकडे जमा करतो, तू आजच विमा बंद करून टाक," म्हणाले. त्यांना एवढी घाई कशाला? मी बंद केला नाही. जमा केल्याची पावती हातात पडेल, त्या दिवशी करीन. तोवर गाडी कुणाला धडकली तर निस्तरायचं मला. पावती मागितली की दाजी शालूताईच्या गुडघ्यांवर बोलतात.

काल वाघोलीच्या सिग्नलला तीच गाडी पुढून गेली. पुढे ताजी लिंबू-मिरची बांधलेली. जमा झालेल्या गाडीला दृष्ट लागेल म्हणून कोण एवढं जपतं? शिवाय ती लाल दोऱ्यात ओवलेली होती. सगळे काळा दोरा घेतात. लाल मी फक्त आपल्या घरी पाहिलाय.

तू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलीस ना? एसटीने गेलीस का?

दाजींना काही विचारू नकोस. विमा मी चालूच ठेवलाय. पुढच्या सीटवर बसत असशील तर पट्टा लावत जा.

तुझा,
दिगंबर