दोघींत एक पोतं

प्रिय वहिनी,

आज दादा पंचगंगा घाटावरून आले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात. यजमानांनी दिलेला शिधा त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवला. तांदूळ, थोडी तूरडाळ, गुळाचा खडा. म्हणाले, "सुनंदा, माझ्या दोन पोळ्या आजपासून तुझ्याकडेच टाक." तुम्ही गेल्यापासून अकरा महिने मी त्यांना जेवायला बोलावत होते आणि ते मागच्या गॅलरीत तुमच्या शेगडीवर खिचडी शिजवून घेत होते. आज आपणहून आले. मी त्यांना वाढलं. ते खाली मान घालून जेवले आणि आडवे झाले. मग माझं कशात लक्ष लागेना, म्हणून हे लिहायला बसले.

नात्यानं मी तुमची धाकटी जाऊ. पण ग्वाल्हेरहून लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्हाला वहिनीच म्हणत आले, कारण हे तसंच म्हणायचे. माहेरी मी कधी बाजारात गेले नव्हते. तुम्ही पहिल्याच महिन्यात माझ्या हातात झोला दिलात आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून चालवत विश्वेश्वरगंजच्या धान्यबाजारात नेलंत. आठवतं? मिरच्यांच्या ठसक्यानं माझे डोळे वाहत होते आणि तुम्ही शांतपणे एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होतात.

"वाटीत काढून ठेवलेला तांदूळ बघायचा नाही. तो नेहमी चांगलाच असतो."

तुम्ही सांगायचात, पहिल्या दुकानात भाव विचारायचा, घ्यायचं काही नाही. तूरडाळ नवी येईल तेव्हाच वर्षाची भरायची आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. तेलाचा डबा घ्यायचा, पिशव्या नाहीत. भाजी घ्यायची ती उन्हं उतरल्यावर, भाजीवाल्यांना घरी जायची घाई लागते तेव्हा. दुकानदाराशी तुम्ही अर्धा तास घासाघीस करायचात. पण ठेला गल्लीच्या तोंडाशी थांबला की तिथून घरापर्यंत पोतं वाहून आणणाऱ्याशी एका शब्दानं नाही. पाठीवरच्या ओझ्याचा भाव करायचा नसतो, म्हणायचात.

यांचा बँकेतला पगार ठरलेला. दादांच्या भिक्षुकीचं काहीच ठरलेलं नाही. महाराष्ट्रातून यात्रेकरू आले तर चार पैसे आणि शिधा. श्रावणात पाणी चढून घाट बुडाले की तेही नाही. तरी आठ माणसांचं घर तुम्ही त्यातच चालवलंत. सासू-सासऱ्यांची पथ्यं सांभाळलीत, तुमच्या मंजिरीचं लग्न केलंत. माझ्या श्रुतीच्या शाळेची फी कधी थकली नाही. मला वाटायचं, आमचा पगार आहे म्हणून हे जमतं.

सासू-सासरे गेले, मंजिरी इंदूरला सासरी गेली, घरात पाच माणसं उरली. त्या पावसाळ्यात श्रुतीला मैत्रिणींच्या घरी असतं तसलं काहीतरी विकतचं, खोक्यातलं न्याहारीचं हवं होतं. तुम्ही म्हणालात, या महिन्यात नको, तेलाचा डबा आणायचाय. ती पाय आपटत माझ्याकडे आली. "मम्मी, बड़ी काकू तो हर चीज़ को मना कर देती हैं." तुम्ही तिथंच भाजी निवडत होतात आणि दादा दारात पाय धूत होते.

मी म्हणाले, "वहिनी, पगार आमच्याकडून येतो. शिध्याच्या तांदळावर घर चालत नाही."

हे मी बोलले. रागाच्या भरात बोलले असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं. ते कित्येक महिने माझ्या मनात शिजत होतं.

तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डबे जमिनीवर मांडलेत आणि मापानं निम्मं निम्मं केलंत. तांदूळ, डाळ, मीठसुद्धा. स्वयंपाकघर मला दिलंत आणि स्वतः मागच्या गॅलरीत जुनी शेगडी मांडलीत. संध्याकाळी हे बँकेतून आले तेव्हा तुम्हीच त्यांना सांगितलंत की आता मला उरकत नाही, वेगळं बरं. मंजिरीलाही फोनवर तेच सांगितलंत. माझं वाक्य तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. दादांनीही नाही. का वहिनी? एकदा तरी मला चारचौघांत उभं करायचं होतंत.

पहिले दोन महिने मी मजेत होते. मॉलमध्ये जायचे, एकावर एक फुकट बघून घ्यायचे, मोबाईलवरून मागवायचे. वीस तारखेला डबा खडखडायला लागला तेव्हा वाटलं, या महिन्यात पाहुणे होते. पुढच्या महिन्यात पाहुणे नव्हते, तरी खडखडला. फुकटची बिस्किटं सादळली आणि डाळीला पैसे उरले नाहीत. यांच्याकडे जास्त मागायची मला लाज वाटे.

आणि तुम्ही? एकदा गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात तुम्हाला पाहिलं. पाव किलो डाळ आणि तेलाची सगळ्यात लहान पिशवी घेत होतात. पोतं आणि डबा घ्यायला एकदम पैसे लागतात, ते तुमच्याकडे नव्हते. किरकोळ घेणं सगळ्यात महाग पडतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. मी दुकानाच्या अलीकडूनच परत फिरले. तुम्ही पाहिलंत का मला? मला वाटतं, पाहिलंत.

मग दिवाळीच्या आधीचा तो दिवस. मी ओटा पुसत होते. तुम्ही दारात आलात, आत नाही आलात. पदराला हात पुसत म्हणालात, "सुनंदा, विश्वेश्वरगंजला जायचं का गं दोघी? दोघींत एक पोतं घेऊ. तुलाही स्वस्त पडेल."

माझ्या घरी त्या दिवशी दोन वेळांपुरता तांदूळ होता. मी म्हणाले, "आमचं सगळं मोबाईलवरून आलंय, वहिनी."

तुम्ही "बरं" म्हणालात. वर म्हणालात, "छान सोय झाली." आणि गेलात. पाच पावलांवर तुमची शेगडी होती. मी तुम्हाला हाक मारू शकले असते. नाही मारली. तुम्ही पहिल्यांदा वाकलात याचा मला आनंद झाला होता, वहिनी. तो आनंद तेवढा एकच दिवस टिकला.

माघात तुम्ही पहाटे गंगेवरून आलात आणि जिन्यातच बसलात. आम्ही इस्पितळात नेलं, पण तुम्ही बोलला नाहीत. डोक्यात रक्तस्राव झाला असं सांगितलं. नंतर तुमचं सामान आवरताना मी डबे उघडले. सगळे घासूनपुसून लख्ख, आणि तळाशी मूठमूठ काहीबाही. दुधाचं भांडं पालथं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी होती, नवं एकही नव्हतं. दादांना विचारलं तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात आणते म्हणाली होती." त्यानंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. झालं नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

तेराव्याचं सामान आणायला मी एकटीच गेले. पोत्यात हात घातला, दाणा चावून पाहिला, तुम्ही करायचात तसं. पण तुम्ही काय ओळखायचात ते मला ओळखता आलं नाही. दुकानदार म्हणाला, "पुराना चावल है, बहिनजी," आणि मी घेतला. नवा निघाला. तुमच्या तेराव्याचा भात चिकट गोळा झाला. दादांनी पानातला सगळा संपवला.

त्याच दुपारी भांडी लावताना मंजिरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "काकू, आईचाच हट्ट गं. वेगळी चूल तिनंच मांडली. शेवटी शेवटी तुझ्याजवळ राहिली असती तर तिची आबाळ झाली नसती. तू तरी काय करणार होतीस?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गप्प राहिले. तिला तुमचा राग येत होता, तुमच्या मरणाच्या तेराव्या दिवशी, आणि मी तो येऊ दिला. पहिलं वाक्य माझ्या तोंडातून गेलं होतं. हे गप्प राहणं मात्र मी सगळं कळून केलं.

दादा आज जेवताना एवढंच म्हणाले, की मंजिरी वर्षश्राद्धाला चार दिवस आधी येणार आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला क्षमा केली की एकट्यानं रांधून ते थकले, मला कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

ती आली की पहिल्याच दिवशी मी तिला समोर बसवून सांगेन. चूल कुणामुळे वेगळी झाली ते, आणि दिवाळीआधी तिची आई माझ्या दारात आली होती तेही. मी काय उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द सांगेन. यांनाही तेव्हाच कळेल, श्रुतीलाही. मंजिरी पुन्हा मला काकू म्हणणार नाही कदाचित. नको म्हणू दे. तिच्या आईवरचा तिचा राग तेवढा उतरू दे. हा शब्द मी तुम्हाला देते.

तुमची धाकटी,
सुनंदा